घर ओढण्याचा दिवस

चिलोएच्या पूर्वेला आमचं हे धाकटं बेट.
पाद्री इथे वर्षातून दोनदा येतो, वारा बरा असला तर.
बाकीच्या रविवारी चॅपेलची किल्ली माझ्याकडे,
आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचं कामही माझंच.
शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगणारं पान
मी इतक्यांदा वाचलंय
की कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा डाग पडलाय.
आणि अकरा वर्षं
सेलेदोनियो नाउएल्किनशी मी एक शब्द बोललेलो नाही.

कारण सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.
जूनच्या थंडीत, एका वादळी रात्री माझी होडी सुटून गेली.
दोराचं उरलेलं टोक मी कंदिलाखाली धरलं:
मला ते कापलेलं दिसलं.
तो म्हणाला, खडकावर घासून तुटलंय.
पुढे कुणीच काही म्हणालं नाही. तेवढं पुरलं.

लांबच्यांवर प्रेम करणं मला जमतं.
दर उपासकाळात मी डबा फिरवतो
कुठल्याशा भूकंपातल्या माणसांसाठी,
माझे डोळेही भरून येतात.
त्यांचा कुत्रा माझ्या कोंबड्या खात नाही.
शेजारी म्हणजे
ज्याच्या चुलीचा धूर आपल्या डोळ्यांत जातो, तो.

यंदा समुद्राने त्याचा काठ खाल्ला.
मागचं दार उघडलं की खाली नुसतं पाणी.
आमच्याकडे अशा वेळी घर पाडत नाहीत,
उचलून ओंडक्यांवर ठेवतात, बैल जुंपतात
आणि चढावर ओढून नेतात, खिडक्या-काचांसकट.
घरमालकाने दारोदार जाऊन हात मागायचे.
मागितल्यावर नाही म्हणायचं नाही, अशी रीत.

सेलेदोनियो सगळ्यांकडे गेला.
बार्रियांकडे गेला, विधवा एदुविखिसकडे गेला,
त्या नव्या शाळामास्तरकडेसुद्धा,
ज्याला बैलाची पुढची बाजू कुठली तेही माहीत नाही.
माझ्या फाटकापाशी त्याची पावलं थांबली.
पडद्याआडून मी मोजले: चार श्वास.
मग तो पुढे गेला.

म्हणजे मी मोकळा होतो.
देवासमोरही मोकळा; मला कुणी बोलावलंच नव्हतं.
रात्रभर हे मी स्वतःला समजावलं, चांगल्या शब्दांत,
वाचायची सवय आहे ना.
पहाटे गोठ्यात गेलो.
बेटावरची सगळ्यात दांडगी जोडी माझी.
त्या दोघांना आमचं भांडण कुणी सांगितलेलं नव्हतं.

कुणी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परतलो असतो.
सेलेदोनियोने नुसत्या हाताने दाखवलं: डावीकडे, पुढे.
आणि दोराचं टोक माझ्याकडे फेकलं.
दोर.
दोघांनाही ते एकाच वेळी कळलं असावं.
त्याने मान खाली घातली. मी गाठ मारली.

घर हललं तेव्हा आतल्या कपबश्या बोलल्या.
बटाट्याच्या वावरातून घर निघालं,
खिडकीत मांजर,
मागच्या खोलीत त्याची म्हातारी आई खाटेवरच,
उतरायला तयार नव्हती, जपमाळ ओढत बसलेली.
चढावर एक ओंडका घसरला,
सगळा भार क्षणभर माझ्या जोडीवर आणि त्याच्या खांद्यावर.
तो ओरडला, "आनिसेतो!"
अकरा वर्षांनी माझं नाव त्याच्या तोंडून,
शिवी हासडल्यासारखं.
मी जोर लावला.

घर आता माझ्या कुंपणाला लागून उभं आहे.
आम्ही मित्र झालो नाही. कुंपण कुणी दुरुस्त करायचं
यावरून परवाच दोघांचा आवाज चढला.
तो दोर कापला होता की घासला, मला अजून माहीत नाही,
आता बहुतेक कळणारही नाही.
रविवारी ते पान आलं तेव्हा
मी वाचता वाचता अडखळलो.
तिसऱ्या बाकावरून तो खाकरला,
जणू म्हणाला, वाच पुढे.

संध्याकाळी वारा इकडचा असला
की त्याच्या चुलीचा धूर सरळ माझ्या घरात.
बायको खिडकी लावायला उठते.
राहू दे, म्हणतो मी.
डोळे चुरचुरतात. राहू दे.